पंचेचाळीस मिनिटांत पाच वर्षं

2021च्या जूनमध्ये माझ्या मुलीला शाळेतून काम मिळालं की, आपल्या घरातल्या कुणाचीतरी महायुद्धातली आठवण लिहून आणा आणि वर्गासमोर सांगा. मुलगी अकरा वर्षांची, हार्लेम ह्या डच शहरातच वाढलेली. आम्ही मराठीत विचारायचं आणि तिने डचमध्ये उत्तर द्यायचं, हा आमच्या घरचा जुना करार. वर्गात सगळ्यांकडे काही ना काही होतं. कुणाच्या पणजोबांची सायकल जर्मनांनी नेलेली, कुणाच्या पणजीने पिठाच्या डब्यात रेडिओ लपवलेला. एकीच्या घरी तर माळ्यावर माणसं लपवली होती आणि आमच्या मुलीचं म्हणणं, ती गोष्ट सांगताना दर वेळी एक माणूस वाढत होता.

"आपल्याकडे काय आहे?" तिने विचारलं.

मी म्हटलं, आपल्याकडे काही नाही. युद्ध तुमच्याकडे झालं, आम्ही तेव्हा इंग्रजांना घालवण्यात गुंतलो होतो. हे मी अशा थाटात सांगितलं, जणू मीच नुकती मोर्चातून घरी येऊन चप्पल काढत होते.

नवऱ्याने लगेच उपाय काढला. तो पंधरा महिने पाहुण्यांच्या खोलीत बसून नोकरी करत होता आणि बाहेर पडायला कुठलंही कारण त्याला चालत होतं. म्युझियमं त्याच महिन्यात पुन्हा उघडली होती. गाडीने अर्ध्या तासावर, ट्युलिपच्या शेतांमधल्या एका लहान गावात, जर्मन कब्जा आणि त्या काळचं रोजचं जगणं या विषयावरचं म्युझियम त्याने शोधून काढलं. शनिवारी सव्वाअकरा ते बारा अशी वेळ मिळाली. सोबत ईमेल आली : लवकर येऊ नका, उशिरा येऊ नका, एकाच घरातल्यांनी या, मास्क लावा. पाच वर्षांचा कब्जा आम्हाला पंचेचाळीस मिनिटांत उरकायचा होता.

त्या हिवाळ्यात इथे रात्रीची संचारबंदी होती. युद्धानंतर पहिल्यांदाच, हे आम्हाला भेटेल त्या डच माणसाने सांगितलं होतं. आमचा शेजारी बागेच्या कुंपणापाशी वाइनचा ग्लास घेऊन उभा राहायचा आणि म्हणायचा, आता मला कळतंय माझ्या आईने काय सोसलं. संचारबंदीत कुत्रं फिरवायला परवानगी होती, म्हणून तो बहिणीचं कुत्रं उसनं घेऊन रोज गावभर हिंडायचा. कुत्र्याचे पाय दुखायला लागले, तेव्हा बहिणीने ते परत नेलं आणि शेजाऱ्याच्या मते हुकूमशाही खऱ्या अर्थाने त्या दिवशी आली.

मी त्याला हसायला नको होतं. माझ्या जिन्याखाली दहा-दहा किलोच्या कणकेच्या तीन गोण्या होत्या. आदल्या वर्षीच्या मार्चमध्ये, लोक इथे टॉयलेट पेपर पळवत होते तेव्हा, मी नवऱ्याला गाडीत घालून भारतीय दुकानात नेलं होतं आणि 'युद्धजन्य परिस्थिती' हा शब्द वापरला होता. त्यातल्या दोन गोण्यांना पोरकिडे झाले. तिसरी मी उघडून बघत नव्हते.

पण पुढे हसण्याला एक कारणही मिळालं. आदल्याच महिन्यात, मेमध्ये, साताऱ्यात माझ्या वडिलांना कोविड झाला होता. इकडची विमानं बंद. मी अकरा दिवस लॅपटॉपसमोर बसून, चुलतभावाने फोनपुढे धरलेल्या ऑक्सिमीटरवरचा आकडा बघत होते. आकडा एकदा चौऱ्याऐंशीला गेला आणि मग हळूहळू वर आला. बाबा वाचले. त्यानंतर नऊच्या आत घरी यावं लागण्याच्या यातना कुणी सांगायला लागलं की माझा चेहरा ऐकण्याचा राहत नसे.

म्युझियम म्हणजे एक जुनी शाळा होती. दारातल्या बाईंनी चेहऱ्यासमोर प्लास्टिकची काच लावली होती. त्यांनी आमच्याकडून नावं लिहून घेतली, फोन नंबर घेतला, खोकला आहे का, ताप आहे का, वास येतो का, हे तिघांना वेगवेगळं विचारलं. मग जमिनीवर चिकटवलेले पिवळे बाण दाखवले. बाणांच्या दिशेनेच चालायचं, मागे वळायचं नाही. नवऱ्याने विचारलं, काही पुन्हा बघायचं असेल तर? बाई म्हणाल्या, पुन्हा तिकीट काढा.

पहिल्याच खोलीत चाळीसच्या दशकातलं स्वयंपाकघर मांडलं होतं. टेबलाभोवती उपाशी कुटुंब बसलेलं. पण पुतळे आणले होते बंद पडलेल्या एका कपड्यांच्या दुकानातून. त्यामुळे उपासमारीने गांजलेल्या आईचे गाल वर आलेले, ओठ फुगवलेले आणि नखं लालभडक होती. वडिलांच्या सदऱ्यातून व्यायामशाळेत कमावलेली छाती दिसत होती. पोरं समर सेलमध्ये उभी असल्यासारखी एक हात कमरेवर ठेवून बसली होती. ताटलीत ट्युलिपचा एक सोललेला कंद. सगळ्यांना निळे मास्क लावलेले, आणि कुणीतरी बाजूला विनोदी पाटी ठेवली होती की आमचं कुटुंबही नियम पाळतं. मुलीने फोटो काढला. नवरा मला मराठीत म्हणाला की ह्या बाई कंद खाऊन इतक्या छान दिसत असतील तर आपणही सुरू करू.

तेवढ्यात मागून कुणीतरी खाकरलं. उंच, थोडे वाकलेले, निळ्या कोटातले एक आजोबा. छातीवर 'स्वयंसेवक' असा बिल्ला. आमचं मराठी त्यांना कळलं नव्हतं, पण हसू कळलं असावं. ते मुलीशी डचमध्ये बोलू लागले. युद्ध संपलं तेव्हा ते सात वर्षांचे होते. युद्धाच्या शेवटच्या हिवाळ्यात धान्य संपलं, तेव्हा त्यांनी कंद खाल्ले होते. मधला पिवळा कोंब आई काढून टाकायची, कारण तो पोटाला बाधतो. उरलेलं उकडायचं, किसायचं, चुलीवर थापायचं. चव कशी होती, असं मुलीने विचारलं. ओल्या भुशासारखी, ते म्हणाले. मग काचपेटीवरची धूळ रुमालाने पुसत त्यांनी त्याच आवाजात सांगितलं की त्या हिवाळ्यात त्यांची चार महिन्यांची बहीण गेली. आईला दूध आलं नाही.

नवऱ्याने फोन खिशात टाकला. मी त्या लाल नखांकडे पुन्हा बघितलं नाही.

ते आमच्याबरोबर चालू लागले, दीड मीटर अंतर राखून. लाकडी धावा बसवलेली सायकल, खिडकीला लावायचा काळा कागद, रेशनची कुपनं, दोन ढलप्यांवर पाणी उकळवणारी डब्याएवढी शेगडी. प्रत्येक वस्तूखाली गावातल्या माणसाची गोष्ट होती आणि प्रत्येक गोष्टीत तो माणूस शूर होता. बेकरीवाल्याने जर्मनांना शिळा पाव विकला. पोस्टमनने पत्रं उशिरा पोचवली. शाळामास्तरांनी राणीच्या वाढदिवशी राजघराण्याच्या रंगाचं, नारिंगी फूल लावलं आणि लगेच काढलं. तीन खोल्या झाल्यावर माझी खात्री पटली की ह्या बाराशे वस्तीच्या गावात प्रतिकार करणारे बाराशे होते आणि कब्जाला मदत करणारं कुणीच नव्हतं. इतक्या शूर गावात जर्मन पाच वर्षं टिकले कसे, हाच खरा चमत्कार.

ओळखपत्रांची काचपेटी मोठी होती. फोटो, बोटाचा ठसा, शिक्का, नीट वळणदार अक्षर. नगरपालिकेच्या कारकुनांनी तेव्हा गावातल्या एकूण एक माणसाची नोंद केली होती, असं आजोबा म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात किंचित अभिमान होता. मला तो ओळखीचा वाटला. इथे आल्यापासून कुठलंही काम गेमेन्टमध्ये, म्हणजे नगरपालिकेत, नोंद झाल्याशिवाय होत नाही आणि ती नोंद कधी चुकत नाही.

त्याच भिंतीवर, आग विझवायच्या सिलिंडरच्या वर, एक लहान फ्रेम होती. कापडाच्या दुकानासमोर उभे आईवडील आणि दोन मुली. खाली लिहिलं होतं की हे गावातलं एकमेव ज्यू कुटुंब, 1942 साली गेलं आणि परतलं नाही.

"गेलं म्हणजे? कुठे राहायला गेले?" मुलीने विचारलं. शब्द तसाच होता, तिचा दोष नव्हता.

त्यांना नेलं, आजोबा म्हणाले.

"त्यांचा पत्ता कसा कळला?"

आजोबांनी ओळखपत्रांच्या पेटीकडे बघितलं. सगळ्यांचाच पत्ता माहीत होता, ते म्हणाले.

"मग त्यांच्या घरात कोण राहिलं?"

"दुसरी माणसं," ते म्हणाले आणि बाण दाखवला.

शेवटची खोली मुक्तीची. तिथे एकदम उजेड, झेंडे, कॅनडाच्या सैनिकांनी वाटलेल्या चॉकलेटचे कागद, पॅराशूटच्या रेशमाचा लग्नाचा पोशाख. एका कोपऱ्यात जुन्या गाण्यांची टेप. पुतळेही इथे हसरे होते, त्यांचे चेहरे अखेर प्रसंगाला शोभत होते. बाराला दहा मिनिटं होती. बाण बाहेरच्या दाराकडे जात होते आणि दाराशेजारी, छत्र्यांच्या स्टँडमागे, एक अरुंद काचपेटी होती. तिच्यात बोटीच्या कठड्यावरून हात हलवणाऱ्या तरुण सैनिकांचा फोटो, एक कापडी टोपी आणि माडांचं चित्र असलेलं पोस्टकार्ड. पाटीवर लिहिलं होतं : मुक्तीनंतर गावातले सतरा तरुण शांतता व सुव्यवस्था प्रस्थापित करण्यासाठी इंडीजला गेले.

मुलीने पाटी दोनदा वाचली. "इंडीज म्हणजे इंडोनेशिया ना?"

हो.

"तिथे कुणाचं राज्य होतं?"

आमचं, आजोबा म्हणाले. मग म्हणाले, तेव्हा.

"म्हणजे जर्मन इथून गेले आणि लगेच तुम्ही तिथे गेलात?"

हे तिने उद्धटपणे विचारलं नाही. तिच्या वर्गात एखादं गणित जुळत नसेल तर ती ज्या सुरात विचारते, त्याच सुरात विचारलं. पण मी तिच्या खांद्यावर हात ठेवला नाही, हे मी कबूल केलं पाहिजे. मला बरं वाटत होतं. हिवाळ्यातल्या शेजाऱ्याच्या कुत्र्यापासून साचलेलं सगळं त्या एका प्रश्नात वसूल होत होतं. नवऱ्याने मला कोपर मारलं आणि पुटपुटला की म्हातारबाबांना कशाला. मी म्हटलं, विचारू दे.

आजोबांनी मास्क खाली ओढून श्वास घेतला आणि पुन्हा वर केला. बोटीवर डावीकडून तिसरा आहे तो माझा थोरला भाऊ, ते म्हणाले. एकोणीस वर्षांचा. इथे उपाशी होता, तिथे जेवण मिळेल असं सांगितलं. जपान्यांशी लढायला म्हणून नाव दिलं, तर जपानी आधीच शरण गेले होते. परत आला तो वेगळाच माणूस होता आणि त्याबद्दल कधी बोलला नाही. मला त्यातलं एवढंच माहीत आहे.

मग त्यांनी मला विचारलं, तुम्ही भारतातल्या कुठल्या? मी साताऱ्याचं सांगितलं, ते त्यांना कळण्यासारखं नव्हतं, म्हणून मुंबईच्या बाजूचं म्हटलं. त्यांचा चेहरा जरा खुलला.

"बाई, माझ्या भावाने पाठवलेल्या पहिल्या पत्रात भारतीय सैनिकांचं लिहिलंय. आम्ही पोचण्याआधी जावा त्यांनीच राखून ठेवली होती. मराठा, असं त्याने लिहिलंय. बुटके आणि फार कडक."

मी हसून मान हलवली. जावा म्हणजे माझ्यासाठी गेली चौदा वर्षं जिच्यात कोड लिहून पोट भरते ती भाषा. ते बेट माझ्या मनात क्षणभर आलंच नाही. आणि मग ते आलं. माझ्या आजोबांचे थोरले भाऊ पलटणीत होते. घरात सगळे त्यांना सुभेदार म्हणत. प्रत्यक्षात ते नाईक होते, बढती त्यांना नातेवाइकांनी निवृत्तीनंतर दिली. त्यांच्याबद्दल मोठी माणसं बोलताना 'जावाला होते' असं एक वाक्य यायचं आणि कुणी त्याचं पुढे काही सांगायचं नाही. आमच्याकडे काही नाही, असं मी मुलीला सांगितलं होतं.

बारा वाजता काचवाल्या बाई आल्या आणि आम्हाला दाराबाहेर काढलं. पुढचं कुटुंब आत येऊन उभं होतं.

घरी येऊन मी साताऱ्याला फोन लावला. बाबांचा आवाज अजून बसलेलाच होता आणि दर दोन वाक्यांनंतर ते थांबत. मी सुभेदारांचं विचारलं. आधी ते म्हणाले, ते आता कशाला. मी म्हटलं, नातीला शाळेत सांगायचंय. मग त्यांनी सांगितलं. पलटण ब्रह्मदेशातून दमून आली होती, सगळ्यांना घरी जायचं होतं. त्याऐवजी इंग्रजांनी बोटीत घालून जावाला नेलं. डच लोक येईपर्यंत शहर धरून ठेवायचं, असा हुकूम. तिथली पोरं स्वातंत्र्यासाठी भालेबिले घेऊन रस्त्यात उतरलेली. त्यांनी आपल्या शिपायांसाठी हिंदीत चिठ्ठ्या टाकल्या होत्या की तुमचाही देश गुलाम आहे, मग आम्हाला का मारता.

"मग त्यांनी काय केलं?"

बाबा पाणी प्यायले.

"चिठ्ठी वाचता येत होती त्यांना," ते म्हणाले. "पलटणीत सातवी पास ते एकटेच. बाकीच्यांनी विचारलं काय लिहिलंय, तर म्हणाले, काही नाही, जाहिरात आहे. एवढं एकदा मला बोलले होते, दारू प्यायल्यावर. गोळी चालवली का ते मी विचारलं नाही. तूही नको विचारू."

मुलीने स्पीकरवर सगळं ऐकलं होतं. मोठ्यांचं भरभर मराठी तिला कळत नाही, असं समजून आम्ही घरात पुष्कळ काही बोलत आलो आहोत, ती चूक मला त्या दिवशी समजली. तिने जे लिहिलं ते सरळ होतं : डच आजोबांचा भाऊ, माझ्या पणजोबांचा भाऊ, एकच बेट, चिठ्ठी. पुढच्या आठवड्यात वर्गातल्या एकाला कोविड झाला म्हणून सगळा वर्ग घरी बसला आणि तिने हे भाषण आमच्या जेवणाच्या टेबलावरून, लॅपटॉपपुढे केलं. वर्गातली निम्मी पोरं कॅमेरा बंद करून बसली होती. माळ्यावर माणसं लपवणाऱ्या मुलीला दहापैकी नऊ गुण मिळाले. आमच्या मुलीला सात. बाईंनी लगेच चॅटमध्ये लिहिलं की सादरीकरण छान झालं, पण विषय युद्धाचा होता आणि हे युद्धानंतरचं आहे.

मुलीने हात वर करून विचारलं, तिथल्या माणसांसाठीसुद्धा नंतरचं का. बाई म्हणाल्या, चांगला प्रश्न आहे, आणि पुढच्या मुलाचं नाव घेतलं.

मी चिडले. बाईंना ईमेल लिहायला बसले, चार परिच्छेद झाले. मुलगी मागून येऊन वाचू लागली आणि तिने विचारलं की तुला शाळेत सुभेदारांबद्दल काय शिकवलं होतं. मी ईमेल पुसली. आम्हाला शाळेत कोणी कुठे शांतता राखायला गेलं होतं हे शिकवलं नव्हतं, आणि आम्हीही कधी हात वर केला नव्हता.

नवऱ्याने मात्र मला न सांगता तिचं भाषण म्युझियमच्या पत्त्यावर पाठवलं होतं. सप्टेंबरात उत्तर आलं. आजोबांनी लिहिलं होतं की त्यांनी ते स्वयंसेवकांच्या बैठकीत वाचून दाखवलं. दोन तास वाद झाला, एकाने राजीनामा देण्याची धमकी दिली, मग कॉफी झाली आणि मतदान झालं. आता पाटी बदलली आहे. सोबत फोटो होता. जुनं वाक्य तसंच होतं आणि त्याच्या आधी एक नवीन वाक्य जोडलं होतं : आमचे तरुण पोचेपर्यंत तेथील शांतता व सुव्यवस्था भारतातील शूर मराठा सैनिकांनी राखली.

अशा रीतीने आमचं घराणं डच म्युझियममध्ये पोचलं. ज्यांच्यावर गोळ्या चालल्या त्यांच्यासाठी पेटीत अजून जागा झालेली नव्हती.

नवऱ्याला ते दिसलं नाही किंवा दिसून न दिसल्यासारखं केलं. त्याने फोटो इथल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. तासाभरात भगव्या झेंड्यांचा पूर आला. कुणी लिहिलं, ऊर भरून आला. ब्रेडा शहरातल्या एकाने विचारलं, दिवाळीला बस करून सगळे बघायला जायचं का, जवळ पार्किंग आहे का, आणि एकवीस जणांनी अंगठे दाखवले. मुलीने मला विचारलं की हे सगळे कशासाठी खूश आहेत.

रविवारी बाबांना मी पाटीचं वाक्य मराठीत करून वाचून दाखवलं. त्यांनी पुन्हा वाचायला लावलं.

"शूर म्हणालेत?" त्यांनी विचारलं.

हो, म्हटलं.

"सुव्यवस्था म्हणे," ते म्हणाले, आणि मग दुसरा डोस घ्यायला केंद्रावर कधी जायचं, रांग किती असते, चुलतभावाला सुट्टी मिळेल का, हे सांगत बसले.